पत्र्याच्या नळीचा अँटेना बेकायदा नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वायफायसाठी घरच्या घरी अँटेना बनवून तो गच्चीवर लावणे हा गुन्हा आहे, असा समज सोलापुरात बराच पसरलेला दिसतो. एका शाळेतील विद्यार्थिनीने पत्र्याच्या डब्यापासून असा अँटेना तयार केला होता आणि ‘उगाच पोलिसांची भानगड नको’ म्हणून तो प्रदर्शनात मांडू दिला गेला नाही, असे तिच्या पालकांकडून कळले. माझी सारी नोकरी इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली आहे. त्यामुळे हे ऐकून मला मनापासून वाईट वाटले आणि या विषयातील कायदा काय, शास्त्र काय आणि सोलापूरकरांना त्याचा उपयोग काय, हे आपल्या दैनिकातून मांडावे असे वाटले.

आधी उपयोगाचे सांगतो, कारण आपल्या शहराची बांधणीच अशी आहे की या साध्या वस्तूची येथे खरी गरज पडते. पूर्व भागात अनेकांचे घर एका गल्लीत असते आणि यंत्रमागांचा कारखाना दोन-तीन गल्ल्या सोडून असतो. घराला जाड भिंती आणि कारखान्याला वरून-बाजूंनी पत्रा, अशा जागी राउटरची रेंज उंबऱ्याबाहेरही नीट पोचत नाही, कारण धातूचा पत्रा या लहरींना आरपार जाऊ देत नाही, परत फिरवतो. कारखान्यातील कॅमेरा घरून पाहावा, मालाची बिले तेथल्याच संगणकावर करावीत, एवढीच अपेक्षा असते. पण त्यासाठी बहुतेक जण दुसरे कनेक्शन घेऊन दरमहा दुसरे बिल भरतात. मोहोळ किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातही हीच अडचण वेगळ्या रूपात दिसते. गावातल्या घरी ब्रॉडबँड आलेले असते आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या शेतातील वस्तीवर मात्र मुलांना अभ्यासासाठी फोन हातात धरून बांधावर उभे राहावे लागते.

अशा वेळी बाजारात ‘बूस्टर’ नावाखाली जे मिळते ते लोक घेतात. यात दोन अगदी वेगळ्या वस्तूंची सरमिसळ होते आणि बेकायदेशीरपणाचा गैरसमजही बहुधा तेथूनच आला असावा. मोबाइल कंपन्यांचा सिग्नल वाढवणारे यंत्र खासगी व्यक्तीने परवान्याशिवाय विकणे, बाळगणे किंवा बसवणे हे खरोखरच बेकायदा आहे. ते यंत्र परवान्याने दिलेल्या लहरींमध्ये ढवळाढवळ करते आणि त्याच्यामुळे शेजारच्या अनेकांचे फोन बिघडतात. वायफायचे तसे नाही. केंद्र सरकारने जानेवारी २००५ मधील अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भागही तसाच मोकळा केला. घरातला राउटर आपण कोणाला न विचारता लावतो, तो याच सवलतीच्या आधारावर. ही सवलत घराच्या चार भिंतींपुरती नाही. २००५ च्या नियमांत अँटेनाची उंची इमारतीच्या छतापासून ५ मीटरपर्यंत असावी असे सांगितले आहे, म्हणजे गच्चीवरचा अँटेना नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होताच. अट शक्तीची आहे. ट्रान्समीटरची शक्ती १ वॉटपेक्षा आणि अँटेनाने एका दिशेला एकवटलेली परिणामी शक्ती ४ वॉटपेक्षा जास्त असता कामा नये. शिवाय दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, आणि दुसऱ्याचा आपल्याला अडथळा झाला तर संरक्षण मागायचे नाही, हेही त्यात आले.

या ४ वॉटांच्या मर्यादेचा हिशेब प्रत्येकाला घरी करता येतो. सर्वसाधारण राउटरची शक्ती ०.१ वॉटच्या आसपास असते. पत्र्याच्या नळीचा, म्हणजे एका बाजूने बंद असलेल्या गोल डब्याचा, अँटेना ही शक्ती समोरच्या दिशेला साधारण सहा-सात पट एकवटतो. म्हणजे परिणामी शक्ती पाऊण वॉटच्याही आत राहते. मर्यादेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. उलट कोणी डीटीएचची जुनी ६० सेंटिमीटरची छत्री याच कामाला वापरली, तर ती शक्ती शंभर पटींहून अधिक एकवटते आणि तोच ०.१ वॉटचा राउटर १० वॉटच्या पलीकडे जातो. छत्री लावणाऱ्याने राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन शक्ती ०.०३ वॉटपर्यंत खाली आणलीच पाहिजे. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ‘घरचा अँटेना कायदेशीर आहे’ याचा अर्थ ‘कितीही मोठा लावा’ असा होत नाही.

आता शास्त्राविषयी. अँटेना शक्ती निर्माण करत नाही. जी आहे ती चारी दिशांना सांडू न देता एका दिशेला वळवतो. पलीकडच्या गच्चीवरील माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरतो आणि त्याचे उत्तर ऐकताना तोच हात कानामागे लावतो, तसे हे आहे. यातला दुसरा अर्धा भाग विशेष महत्त्वाचा आहे. वायफाय हे दुतर्फा संभाषण असते; राउटरचे बोलणे फोनपर्यंत पोचले, पण फोनचे उत्तर राउटरला ऐकू आले नाही, तर फोनवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. नुसती शक्ती वाढवणारे यंत्र फक्त मोठ्याने ओरडते. चांगला अँटेना बोलणे आणि ऐकणे दोन्ही सुधारतो, तेही विजेचा एक युनिट न जाळता.

वायफायच्या सहाव्या चॅनलची वारंवारता २४३.७ कोटी हर्ट्झ आहे. प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटरला, या आकड्याने भागले की लहरीची लांबी १२.३ सेंटिमीटर येते. सगळी मापे या एका आकड्यातून निघतात. गोल नळीतून ही लहर पुढे सरकायची असेल तर नळीचा आतला व्यास किमान ७.३ सेंटिमीटर हवा. त्याहून अरुंद नळीत ती शिरतच नाही. व्यास ९.२ सेंटिमीटरच्या वर गेला की त्याच नळीत लहरीचा दुसरा प्रकारही चालू लागतो आणि शक्ती दोहोंत विभागली जाते. म्हणून साडेसात ते नऊ सेंटिमीटर व्यास घ्यावा. मिठाईचा जो रुंद डबा मुले पहिल्यांदा उचलतात तो पुष्कळदा १० सेंटिमीटरच्या घरात असतो आणि मग ‘इंटरनेटवर बघून केले पण चालले नाही’ अशी तक्रार येते. डबा घेण्याआधी फूटपट्टीने आतले माप घ्यावे, एवढी साधी ही गोष्ट आहे.

माझ्या परिचयाच्या एका टॉवेल कारखानदारांसाठी हा अँटेना करताना आम्ही डब्याच्या शोधात वेळ न घालवता थेट पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडे गेलो. तेलाचे डबे आणि धान्याच्या कोठ्या करणारे असे कसबी हात आपल्या शहरात आजही आहेत. त्यांना आम्ही ८.३ सेंटिमीटर व्यास सांगितला. त्यांनी व्यासाचा घेर काढून २६.१ सेंटिमीटरवर जस्ती पत्र्यावर रेघ मारली, शिवणीसाठी कड वेगळी सोडली, लोखंडी नळीवर पत्रा मोगरीने ठोकत गोल केला आणि शिवण बाहेरच्या अंगाला दाबून आतली बाजू बोट फिरवले तरी कोठे अडणार नाही अशी सपाट ठेवली. मागचे झाकण त्यांनी सर्व बाजूंनी कथलाचा डाग देऊन बंद केले. नळीची लांबी १८.६ सेंटिमीटर ठेवली. बाजारात तयार मिळणाऱ्या कोणत्याही डब्यापेक्षा ही नळी मापाला अधिक नेमकी उतरली.

पुढचे काम नाजूक आहे आणि यश त्यावरच ठरते. ८.३ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत लहर मोकळ्या हवेतल्यापेक्षा ताणली जाते. तिची नळीतली लांबी सुमारे २४.९ सेंटिमीटर होते. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ६.२ सेंटिमीटर, मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूपासून मोजून तेथे भोक पाडायचे. व्यास बदलला तर हे अंतरही बदलते; ९ सेंटिमीटर व्यासाला ते ५.१ सेंटिमीटर येते. त्या भोकात एन टाइप कनेक्टर, म्हणजे अँटेनाची केबल जोडण्याचा धातूचा जोड, चार बारीक स्क्रूंनी घट्ट बसवायचा. त्याच्या मधल्या पितळी दांडीला जाड तांब्याच्या तारेचा सरळ तुकडा डाग देऊन जोडायचा आणि नळीच्या आतल्या भिंतीपासून तारेच्या टोकापर्यंत एकूण लांबी ३.१ सेंटिमीटर ठेवायची. मोकळ्या हवेतील लहरीचा चौथा हिस्सा तो हाच. कारखानदारांच्या बारावीतल्या मुलाने ही तार आधी थोडी लांब ठेवून, कॅलिपरने पुन्हा पुन्हा मोजत, कानशीने घासत मापावर आणली. एक मिलिमीटरची काळजी का घ्यायची, हे त्याला भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील तरंगलांबीच्या धड्यापेक्षा त्या कानशीने अधिक शिकवले असेल, असे मला वाटते.

केबलबाबत अनेकांची फसगत होते. अँटेना गच्चीवर आणि राउटर तळमजल्यावर ठेवून मध्ये लांबलचक केबल टाकली, तर अँटेनाने मिळवलेले सगळे केबल खाऊन टाकते. सामान्य बारीक आरजी-५८ केबलमध्ये या वारंवारतेला दर मीटरला सुमारे एक डेसिबल, म्हणजे शक्तीच्या साधारण पाचव्या हिश्शाचे, नुकसान होते. त्यापेक्षा राउटरच पाण्यापासून सुरक्षित पेटीत अँटेनाजवळ बसवावा, केबल हातभर ठेवावी आणि खालून वर नेटवर्कची साधी वायर न्यावी. कंपनीने दिलेला राउटर उघडून त्यात डाग देण्याचा प्रयोग मुळीच करू नये. अँटेना फिरवून काढता येतो असा वेगळा जुना राउटर त्यासाठी घ्यावा, त्याचा चॅनल १, ६ किंवा ११ ठेवावा आणि पट्ट्याची रुंदी २० मेगाहर्ट्झच असू द्यावी.

दोन्ही गच्च्यांवर एकेक नळी बसवली आणि नळ्यांची तोंडे समोरासमोर आणली. दोन्हीकडची तांब्याची तार उभीच हवी. एकीकडे उभी आणि दुसरीकडे आडवी राहिली, तर नळ्या कितीही नेमक्या असोत, सिग्नल कोसळतो. कनेक्टर दोन्हीकडे खालच्या बाजूला ठेवला की हे आपोआप साधते आणि पावसाचे पाणीही जोडात शिरत नाही. नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकचे पातळ झाकण लावावे. लहरींना त्याचा अडथळा होत नाही आणि चिमण्या घरटे करत नाहीत. अंतर ३०० मीटरच्या आसपास होते. राउटरच्या मूळ दांड्यांवर सिग्नल उणे ८४ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप; उण्यातला आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला) दिसत होता आणि जोडणी सारखी तुटत होती. नळ्या लावल्यावर तो उणे ७२ वर आला, म्हणजे पोचणारी शक्ती सुमारे सोळा पट झाली. कारखान्यातील कॅमेऱ्याचे चित्र घरी न थांबता दिसू लागले.

समोरची गच्ची नुसती डोळ्यांना दिसली म्हणजे पुरे, असे मात्र समजू नये. लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही, तिला मध्यभागी फुगलेली मोकळी जागा लागते. ३०० मीटरच्या अंतराला मध्यावर रेषेच्या चारी बाजूंना सुमारे ३ मीटर आणि १ किलोमीटरला साडेपाच मीटर एवढी ती जागा असते, आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. मध्ये कडुनिंबाचे झाड आले तर पानांतील पाणी लहरी शोषून घेते. उन्हाळ्यात पानगळीनंतर छान चाललेली जोडणी नवी पालवी फुटल्यावर मंदावते, ती याच कारणाने. नव्या बांधकामाचे स्लॅब आणि पाण्याच्या टाक्याही ध्यानात घ्याव्यात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मला जरा कठोर शब्दांत लिहावेसे वाटते. आपल्याकडे पेठांमध्ये विजेच्या तारा गच्चीच्या कठड्यापासून हाताच्या अंतरावरून जातात. लोखंडी नळीला अँटेना बांधून ती उभी करताना तोल गेला आणि नळी तारेला टेकली, तर जिवावर बेतते. जेथे नळी आडवी पडली तरी तारेपर्यंत पोचणार नाही, तीच जागा निवडावी. मुलांना एकटे गच्चीवर सोडू नये. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. आभाळ भरून आले की जोडणी काढून ठेवावी आणि खांबाला चांगले अर्थिंग द्यावे.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातील स्टीलची खोलगट रोळीसुद्धा चालते. न्यूझीलंडमध्ये हौशी मंडळींनी अशा चिनी झाऱ्यांचा आणि कढयांचा वापर पूर्वीच करून दाखवला आहे. रोळीच्या तोंडाच्या व्यासाचा वर्ग करून त्याला खोलीच्या सोळा पटीने भागले की लहरी एकवटतात ते ठिकाण मिळते: ३० सेंटिमीटर व्यास आणि ८ सेंटिमीटर खोली असेल तर तळापासून ७ सेंटिमीटरवर. तेथे यूएसबीचा वायफाय डोंगल बसवायचा आणि ५ मीटरपर्यंतच्या यूएसबी केबलने संगणकाला जोडायचा. यात कोठेही डाग द्यावा लागत नाही, म्हणून सातवी-आठवीच्या मुलांसाठी हा प्रयोग उत्तम.

रोळीला तर भोके असतात, मग लहरी त्यातून निसटत नाहीत का, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. भोक लहरीच्या लांबीच्या दहाव्या हिश्शापेक्षा लहान असेल तर लहरीच्या दृष्टीने ते जवळजवळ नसतेच. याचे भव्य उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. नारायणगावजवळ खोडद येथे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही डिश भरीव पत्र्याच्या नाहीत. त्या बारीक तारांच्या, एक-दोन सेंटिमीटर भोकांच्या जाळीच्या आहेत. त्यामुळे वजन, वाऱ्याचा दाब आणि खर्च हे सगळेच कमी झाले. आणि धातूच्या पोकळ नळीतून लहरी नेण्याचे म्हणाल, तर १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटरच्या मापाच्या लहरींवरील आपली जी उपकरणे दाखवली, त्यांत अशा नळ्या आणि नरसाळी होतीच. ज्या विद्यार्थिनीचा डबा प्रदर्शनातून बाहेर ठेवला गेला, तिने नकळत त्याच परंपरेतली वस्तू हाताने बनवली होती, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

एक काळजी मात्र प्रत्येकाने घ्यावी. ही जोडणी आपल्याच घरापासून आपल्याच कारखान्यापर्यंत किंवा वस्तीपर्यंत असावी. आपले कनेक्शन गल्लीभर वाटणे बहुतेक कंपन्यांच्या करारात बसत नाही, आणि त्यावरून कोणी गैरप्रकार केला तर चौकशी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याची होते. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही वायफायची सुरक्षा पद्धत निवडावी आणि लांब पासवर्ड ठेवावा. दुसऱ्याच्या वायफायमध्ये शिरण्यासाठी अँटेना वापरणे हा गुन्हाच आहे. पण तो गुन्हा शिरणाऱ्याचा आहे, पत्र्याच्या नळीचा नव्हे.

आपल्या दैनिकाच्या माध्यमातून माझी शिक्षण खात्याला आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना विनंती आहे की, यंदाच्या तालुका व जिल्हा विज्ञान प्रदर्शनांत अशा अँटेनांना मज्जाव करू नये. हवे तर ४ वॉटांचा हिशेब विद्यार्थ्याने फलकावर मांडावा अशी अट घालावी. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये पत्राकाम शिकणारी आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुले एकाच आवारात असूनही क्वचितच एकत्र काम करतात. त्यांना मिळून अशा नळ्या करायला लावाव्यात आणि गरजू वस्तीशाळांना त्या बसवून द्याव्यात. आपण जागा दिल्यास विद्यार्थ्यांच्या पुरवणीसाठी ७.५, ८.३ आणि ९ सेंटिमीटर व्यासांच्या मापांची आकृती मी काढून पाठवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक निवृत्त शिक्षक, सोलापूर